आजी दुकानात गेली आहे

१८ डिसेंबर २०२४, वर्धा

गागूचा व्हिसा आला. वर्षालीचा फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि गागू माझ्या मांडीला टेकून सोललेले दाणे मटकावत होती. मी म्हटलं, छान झालं. दुसरं काय म्हणणार होते? लेकरू आपल्या आईबापाकडे चाललं आहे, यात रडण्यासारखं काय आहे?

फोन ठेवून पुन्हा शेंगा हातात घेतल्या, तर दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत टाकत होते. गागूनंच दाखवलं. "आजी, तुले दिसत नाई का?" म्हणाली.

वर्षाली आमची एकुलती एक. सावंगीला नर्सिंग केलं, तिथंच दोन वर्षं काढली, मग आयर्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका संस्थेत नोकरी मिळाली. गागू तेव्हा दहा महिन्यांची होती. आधी वर्षाली गेली, मागून योगेंद्रराव. जम बसला की पोरीला नेतो म्हणाले होते. जम बसायला तीन वर्षं लागली. मध्ये नीरव तिकडेच जन्मला. म्हणजे त्यांचं तिघांचं घर तिकडे उभं आहे आणि चौथी इथं माझ्या कुशीत झोपते, माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून.

हे म्हणाले, "आपण राखणदार होतो वं. मालक आला का वावर त्याच्या हाती द्याचं अन् बाजूले व्हाचं."

बोलायला सोपं आहे. स्वतः मात्र अंधार पडेपर्यंत तिला झोके देत ओसरीतच उभे होते.

ठरलं ते असं. मी तिच्यासोबत जायचं, तीन महिने राहून तिला रुळवायचं आणि परत यायचं. हे येणार नाहीत. हिंगणीच्या वावरात चणा उभा आहे.

२ जानेवारी

बॅगा भरते आहे. गागूला झोकाही न्यायचा आहे. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा हा झोका ह्यांनी ओसरीच्या आढ्याला बांधून दिलेला. तो कापून बॅगेत टाक म्हणून हटून बसली. शेवटी ह्यांनी समजूत घातली, "झोका इथंच राहू दे माय. तू आली का बसजो. मी कोनालेच बसू देत नाई." तेव्हा कुठं तिनं बॅगेवरचा हात काढला.

वर्षाली फोनवर विचारत होती, आई, तू परत निघशील तेव्हा कसं करायचं? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. त्यात माझा हातखंडा आहे. माझ्या सासूबाईंनी, अनुसयाबाईंनी, वर्षालीच्या वेळीच मला शिकवलं होतं की लेकराला सांगून निघू नये, आपली पाठ त्याला दाखवू नये, त्याची नजर चुकवून निघावं. म्हणजे लेकरू रडत नाही आणि जाणाऱ्याचाही पाय अडत नाही. दीड वर्षापूर्वी वर्षाली आणि योगेंद्रराव महिनाभर येऊन गेले, तेव्हा निघायच्या वेळी मी गागूला भांडीवाल्या शकुंतलाबाईच्या घरचं नवं वासरू दाखवायला घेऊन गेले. परत आलो तर गाडी गेलेली. एक अश्रू नाही. संध्याकाळी फक्त घरातला एकेक पडदा बाजूला करून बघत होती. मी म्हटलं, खेळते आहे.

सहा वर्षांची असताना बाबांनी मला नागपूरला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये ठेवलं, तेव्हा सिस्टर अॅग्नेसनीही हेच केलं होतं. माझं बोट धरून मागच्या अंगणात सशांचा पिंजरा दाखवायला नेलं. पांढरे, गुलाबी डोळ्यांचे ससे होते. मागे वळले तर बाबा नव्हते. किती शहाणी बाई. सशांबद्दल मात्र मला पुढे कधी माया वाटली नाही, कोण जाणे का.

१९ जानेवारी, लिमरिक

वर-खाली अशा दोन मजल्यांचं चिंचोळं घर आहे. बाहेर सतत भुरभूर पाऊस. कपडे हीटरवर वाळतात, त्यामुळे घरभर ओल्या लोकरीचा वास. गागू रोज सकाळी खिडकीशी जाऊन विचारते, "आज तरी सूर्य निघन का?"

इथला संसार दाराशी चालतो. वर्षाली ड्युटीवरून येते आणि योगेंद्रराव निघतात. दारातच नीरव या हातातून त्या हातात जातो, त्याच्यासोबत गाडीची किल्ली आणि एक वाक्य: दूध संपलंय, ताप नाही, वॉशिंग मशीन लावलंय. दोघं नवराबायको एका ताटाशी बसलेली मी अजून पाहिलेली नाहीत. वर्षालीचे हात किती खरखरीत झाले आहेत. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालते ती, आणि इथं तिची स्वतःची पोर तिला अंगाला हात लावू देत नाही.

गागू तिला वर्षाली म्हणते. वर्ध्याला आम्ही दोघं तिला नावानंच हाक मारतो, म्हणून. काल वर्षालीनं तिच्यासाठी आणलेला लाल कोट घालायला बोलावलं तर माझ्या मागे लपून म्हणाली, "आजी, या बाईले सांग का मले थंडी वाजत नाई."

वर्षाली हसली. मग वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

१३ फेब्रुवारी

बालवाडी सुरू झाली. मी फाटकाशी असेन तरच आत बसते. तिथली शिक्षिका कोवळी पोर आहे, केस निळे रंगवलेले, पण स्वभावानं गोड. माझं इंग्रजी ऐकून तिला नवल वाटलं. मी सांगितलं, आम्हाला आयरिश नन्सनीच शिकवलं.

गागू वाळूत खेळायला लागली की मी हळूच सटकते. काल ती शिक्षिका मागून धावत आली. म्हणाली, तिला सांगून जा, मी घरी जाते आणि जेवायच्या वेळेला येते म्हणून सांग. रडेल, पण रडू दे. मी हसून मान डोलवली. तिला मूलबाळ नाही. लेकराला मुद्दाम रडवायचं, हे कुठलं शास्त्र?

आज मात्र गागू वाळूत बसलीच नाही. फाटकाकडे तोंड करून उभी होती, माझ्या शालीचा कोपरा मुठीत धरून. मी शाल तिच्या मुठीत सोडली आणि निघाले.

९ मार्च

आज सोन्याचा दिवस. लाल कोहळ्याची गोड बोंडं तळली होती. (इथं कोहळं मिळतं, नारिंगी आणि बेचव, पण मिळतं.) गागूनं एक उचललं आणि वर्षालीच्या तोंडाशी नेऊन म्हणाली, "आई, घे." वर्षालीनं ते चावलंसुद्धा नाही, तसंच तोंडात धरून बसली. मी भांड्यांकडे तोंड फिरवलं. आनंद झाला, खोटं का बोलू? पण त्या आनंदाच्या खाली काहीतरी बोचलं, तेही इथं लिहून ठेवते, कारण इथं नाही तर कुठं लिहिणार.

संध्याकाळभर लपाछपी खेळलो. गागू नेहमी वरच्या खोलीतल्या एकाच कपाटात लपते, कोटांच्या मागे. मी सगळीकडे शोधल्याचं सोंग करते. मोठ्यानं म्हणते, "गागू पलंगाखाली आहे का? नाही. बादलीत आहे का? नाही." कपाटातून खुसखुस ऐकू येते. तिचा एक नियम आहे: लपलेल्यानं आपणहून बाहेर यायचं नाही. शोधणाऱ्यानं शोधलंच पाहिजे.

३१ मार्च, डब्लिन विमानतळ

विमानाला अजून वेळ आहे. मांडीवर वही ठेवून लिहिते आहे, अक्षर वाकडं येतं.

काल पाडवा झाला. वर्षालीनं विचारलं, आई, सांगायचं का तिला? चार वर्षांची आहे, समजेल थोडं. मी म्हटलं, समजेल म्हणूनच नको. आज सकाळी बॅगा आधीच योगेंद्ररावांनी गाडीत नेऊन ठेवल्या. मी गागूला म्हटलं, चल, लपाछपी. ती आनंदानं उडाली, कारण सकाळी मी कधी खेळत नाही. मी डोळे मिटून आकडे म्हटले. जिन्यावर तिची पावलं वाजली, कपाटाचं दार करकरलं.

मी नेहमीसारखी वर गेले. मोठ्यानं म्हटलं, "गागू पलंगाखाली आहे का? नाही." कपाटात खुसखुस. जिना उतरता उतरता म्हटलं, "बादलीत आहे का? नाही." खालच्या खोलीतून म्हटलं, "सोफ्यामागे आहे का?" वर्षाली नीरवला कडेवर घेऊन दाराशी उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्या गालाला हात लावला आणि दार हळूच ओढून घेतलं. आवाज होऊ दिला नाही.

रडण्याचा आवाज आला नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत काच खाली करून मी कान देऊन होते. नाही आला. देवाची कृपा.

४ एप्रिल, वर्धा

घर मोठं झालं आहे. ह्यांनी माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं, चहा केला, साखर दोनदा घातली. मग झोक्याची गाठ उगाच घट्ट करत म्हणाले, "रडली का?"

नाही म्हटलं.

वर्षालीशी बोलणं झालं. त्या दिवशी गागू बराच वेळ कपाटात होती म्हणे. वर्षालीनं दार उघडलं तर म्हणाली, "तू काऊन उघडलं? आजी शोधून राह्यली मले." आणि दार ओढून घेतलं. जेवायला आली नाही. शेवटी तिथंच कोटांवर झोपली, तेव्हा उचलून आणलं. जागी झाल्यावर वर्षालीनं सांगितलं, आजी दुकानात गेली आहे, खाऊ घेऊन येईल. बरं केलं. उगाच विमान, समुद्र, हे सगळं त्या एवढ्याशा जिवाला कशाला?

माझी माय ती. शोधून राह्यली म्हणे.

१३ एप्रिल

दुकान थाटलं आहे. व्हिडिओवर मागे आपलं घर दिसलं तर ती ओळखेल, म्हणून कोठीची खोली निवडली. तिथली भिंत कोरी आहे. फळीवरचं लोणचं आणि सांडग्यांचे डबे उचलले आणि बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या, शाम्पूची बाटली रांगेनं मांडली. उन्हाळा असून अंगावर स्वेटर चढवला, कारण तिकडे अजून थंडी आहे. पंखा लावता येत नाही, कारण तिकडच्या दुकानात पंखे नसतात. घामानं पाठ भिजून जाते.

हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "दुकानदारीण, पावशेर गूळ द्या." मग म्हणाले, "किती दिवस चालवशीन वं हे दुकान?"

विसरेपर्यंत, मी म्हटलं. लेकरं लवकर विसरतात.

तिकडे दुपारी ती बालवाडीतून येते तेव्हा आपल्याकडे सहाचा सुमार असतो. गागू फोनच्या अगदी जवळ तोंड आणते. मला फक्त एक डोळा आणि कपाळ दिसतं. विचारते, "आजी, रांग आहे का दुकानात?" मी म्हणते, हो, मोठी रांग आहे. ती मागे वळून वर्षालीला सांगते, "रांग आहे म्हणते." मग पुन्हा मला, "दुकान बंद कवा होते?"

२७ एप्रिल

रात्री झोपत नाही म्हणे गागू. डोळे मिटायला लागले की स्वतःच्या हातानं उघडते. झोप लागलीच तर वर्षालीच्या कपड्याचं टोक मुठीत, आणि ते सोडवलं की ताडकन उठून बसते. वर्षालीला न्हाणीघरातसुद्धा दार लावू देत नाही. आणि आणखी एक खोडी: आईचे ड्युटीचे बूट लपवते. एकदा वॉशिंग मशीनमध्ये सापडले, एकदा ओव्हनमध्ये. वर्षालीला दोनदा कामावर पोचायला उशीर झाला. मला तर हसूच आलं. वर्षालीही लहानपणी ह्यांच्या सायकलची किल्ली लपवायची.

पण न झोपणं चांगलं नाही. नजर लागली असणार. लाल कोटात गोड दिसते ना. तिचा फोटो मोठा करून घेतला, देवाजवळ ठेवला आणि मीठ-मोहरी ओवाळून टाकली. मोहरी तडतडली नाही, नुसता धूर झाला. शकुंतलाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "फोटोवरून उतरत नसते वं बाई. लेकरू समोर लागते."

लेकरू समोर लागते. हे मला भांडी घासणाऱ्या बाईनं सांगायला नको होतं.

८ मे

वर्षालीशी भांडण झालं. आयुष्यात इतकं कधी झालं नव्हतं.

बालवाडीत गागू बोलत नाही. महिना होऊन गेला, एक शब्द नाही, इंग्रजी नाही की आपलं नाही. त्या निळ्या केसांच्या पोरीनं दोघांना बोलावून घेतलं. कोणी समुपदेशक आहे, तिला भेटून आले. वर्षाली म्हणाली, "आई, तिचं म्हणणं आहे की लेकराला सांगून जायला हवं होतं. तू तिला आता तरी खरं सांग. मी घरी आले, वर्ध्याला, अमुक दिवशी भेटू, असं सांग. तिला वाटतं की ती फार नीट लपली म्हणून ती तुला सापडत नाही."

मी म्हटलं, तुझं काय बिघडलं होतं? तुलाही आम्ही असंच ठेवून जायचो.

मला वाटलं, नेट गेलं. मग म्हणाली, "मले आठवते आई." वर्षाली माझ्याशी असं बोलत नाही. कॉन्व्हेंटच्या आईची पोर म्हणून लहानपणापासून शुद्धच बोलते. आज का कोण जाणे तिच्या बापासारखं बोलली. "मी दारामागे उभी राहायची. तुमी दोघं सिनेमाले गेले का. मी झोपायचीच नाई."

हजार वेळा विचारलं असतं तर मी हजार वेळा म्हटलं असतं, वर्षाली कधी रडली नाही. कारण ती रडली नाहीच. बाईला घरी ठेवून जायचो, बाई सांगायची ना, गुमान बसली होती.

एक बरं झालं. जुलैत सगळे इकडे यायचं ठरलं आहे, महिनाभर. माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात वाईट विचार येतो आहे. तिकडे नाहीच रमली तर वर्षाली तिला पुन्हा माझ्याकडे ठेवेल. देवा, मला क्षमा कर. पण येतो आहे खरा.

१९ मे

आज सगळं संपलं.

सहा वाजता मी दुकानात बसले होते, स्वेटर घालून. बाहेर उन्हाची भट्टी पेटलेली. गागू आज बरी होती, चार शब्द बोलत होती. नीरवनं तिची खडूची पेटी ओढली, ते सांगत होती. तेवढ्यात लाइट गेली. इंटरनेटचा डबा बंद. कोठीत फोनला रेंज येत नाही. गागूचं तोंड तिथंच थिजलं, अर्धवट उघडं. मला वाटलं, आज ती बोलते आहे, आज फोन तुटला तर पुन्हा कधी बोलेल? मी फोन उचलून बाहेर धावले. ओसरीत रेंज आली, चित्र हललं, आवाज आला.

तिचा आवाज नव्हता. ती बघत होती. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून मागे.

"माझा झोका," म्हणाली.

मी फोन फिरवला, उशीर झाला होता. मी म्हटलं, गागू, बाळा, ऐक. ती म्हणाली, "तू दुकानात नाई. तू घरी हायस." मग अगदी हळू आवाजात, जसं काही नीरव उठेल, "मी लपली होती ना आजी."

मी काहीतरी बोलले. येते म्हटलं, आता येते, खाऊ घेते आणि येते. ती फोनवरून बाजूला झाली. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, इकडे वारा नव्हता आणि झोका स्थिर लोंबत होता.

लाइट आल्यावर हे घरी आले. मी कोठीतच बसले होते. ह्यांनी फळीवरचे साबण आणि बिस्किटं एकेक काढून खाली ठेवली आणि लोणच्याच्या बरण्या परत जागेवर लावल्या.

२० मे

फोनवर आली नाही.

२४ मे

नाही.

६ जून

जुलैचं येणं रद्द. समुपदेशक म्हणाली म्हणे, आत्ता भेटवून पुन्हा तोडणं तिला झेपणार नाही. आधी आईवर तिचा भरवसा बसू दे. वर्षाली हे सगळं इतक्या मऊ आवाजात सांगत होती, संस्थेतल्या म्हाताऱ्यांशी बोलते तशी. शेवटी म्हणाली, आई, तू जेवतेस ना?

गागू आता बूट लपवत नाही म्हणाली. वर्षाली रोज खाली बसून सांगते: मी जाते, अंधार पडायच्या आत येते. गागू रडते. खूप रडते, घसा बसेपर्यंत. मग झोपते. रात्रभर झोपते आता.

लेकराला रोज रडवून बाहेर पडायचं आणि त्याला सुधारणा म्हणायची. मला या जगाचं काहीच कळेनासं झालं आहे.

पेरण्यांसाठी हे रोज हिंगणीला जातात. आज परत आल्यावर ओसरीच्या पायरीवर चपला काढता काढता म्हणाले, "मले तं तू सांगून गेलती. तीन महिन्यानं येतो म्हणून. मी बसलो न मंग वाट पाहत."

ह्यांचं बोलणं कधीकधी कुठल्या कुठं जातं. मी चहा टाकायला उठले. पण चहा उतू गेला.

१५ जून

जपमाळ सापडली, सिस्टर अॅग्नेसनी शाळा सोडताना दिलेली. किती वर्षांनी हातात घेतली. प्रार्थनेचे शब्द अजून पाठ आहेत, पण मागायचं काय ते ठरेना. ती रमू दे म्हणावं, तर ती मला विसरून रमेल. ती परत येऊ दे म्हणावं, तर तिची तिकडे बसत आलेली घडी पुन्हा मोडावी लागेल. मण्यांवरून नुसतं बोट फिरवत बसले.

मग एकदम आठवलं. बोर्डिंगमध्ये ठेवून गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत बाबा मला न्यायला आले, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले नव्हते. सिस्टरच्या झग्यामागे उभी राहिले होते. बाबा हसले होते, "बघा, विसरली मला." विसरले नव्हते मी. मग का गेले नव्हते, ते आठवत नाही.

२२ जून

गागू बोलली! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

वर्षालीचा मेसेज आला, आज ती स्वतःहून म्हणते आहे, आजीला फोन लाव. मला हातपाय कुठं ठेवू कळेना. स्वेटर घातला नाही, कोठीत गेले नाही, मधल्या खोलीत टेबलावर फोन साखरेच्या बरणीला टेकवून बसले. खरं ते खरं. आज तिला सगळं सांगायचं असंही मनाशी ठरवलं होतं.

ती आली. केस कापले आहेत, कानापर्यंत. गाल उतरले आहेत. मोठी दिसायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "आजी, यू हाइड. आय काउंट."

किती स्वच्छ उच्चार. सिस्टर अॅग्नेसनी टाळ्या वाजवल्या असत्या. सुरुवातीला आजी सोडून मराठी एकही शब्द नाही बोलली, पण बोलली तरी. महिनाभर जी मुकी होती ती माझ्याशी खेळायला आली. मी म्हटलं, आधी आजीचं ऐकशील का थोडं? तिनं मान हलवली. "हाइड."

मग मी नाही म्हणू शकले नाही. राग गेला म्हणायचा तिचा. खेळ झाल्यावर सांगू, म्हटलं.

मी उठून कोठीच्या दारामागे उभी राहिले. तिथून फोन दिसत नाही, पण ऐकू येतं. तिनं इंग्रजीत आकडे म्हटले, न चुकता. मग मोठ्यानं, अगदी माझ्याच सुरात विचारलं, "आजी पलंगाखाली आहे का? नो."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला. लबाड, माझं बोलणं अजून पाठ आहे तिला.

"बादलीत आहे का? नो." आवाज जरा लांबून आला. दुसऱ्या खोलीत गेली असेल. घर चिंचोळं आहे त्यांचं.

"सोफ्यामागे आहे का?" हा तर जिन्याखालून आल्यासारखा वाटला. त्याला नो म्हटलेलं मला ऐकू आलं नाही.

मग काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. शोधू दे, म्हटलं, तिला शोधू दे नीट. बाहेर शकुंतलाबाईनं अंगण झाडलं. दूधवाला येऊन गेला. मी हलले नाही.

हे हिंगणीहून आले. पायाला चिखल होता. मला दारामागे बघून थबकले. "काऊन उभी हायस वं तिथं?"

मी ओठावर बोट ठेवलं. खुणेनं फोन दाखवला, आणि अगदी हळू म्हटलं, "गागू शोधून राह्यली मले."

ह्यांनी चिखलाच्या पायांनीच टेबलाशी जाऊन फोन उचलला. पाहिला. उलटा करून ठेवला. माझ्याकडे आले नाहीत, तिथंच खुर्चीवर बसले. म्हणाले, "कोनी नाई वं याच्यात."

नेट गेलं असेल. पावसाळी हवा आहे, जातं. पुन्हा लागेल.

लपलेल्यानं आपणहून बाहेर यायचं नसतं, हा तिचाच नियम आहे. मी बाहेर आले नाही.